१९५७ पूर्वीच्या ध्रुवीय तापमानाच्या मूळ नोंदी कुठे मिळतील? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

दोन्ही ध्रुवांकडच्या जुन्या तापमानाचा अभ्यास करतो आहे. कुणीतरी प्रत्यक्ष यंत्र वाचून वहीत उतरवलेले आकडे हवे आहेत, शक्यतो रोजचे.

अडचण कशी आली ते सांगतो. 'एरा-५' या पुनर्विश्लेषणात, म्हणजे जुन्या नोंदी आणि हवामानाचं मॉडेल यांची सांगड घालून बनवलेल्या आकड्यांत, १९४० पासूनचं तासातासाचं तापमान मिळतं. त्यावरून दक्षिण ध्रुवाचा आलेख काढून मी आमच्या अभ्यासगटात दाखवला. एकीने विचारलं, "१९४० साली तिथे तापमापी वाचायला होतं कोण?"

प्रश्न बिनतोड होता. ब्रिटिश शोधक स्कॉटची तुकडी जानेवारी १९१२ मध्ये ध्रुवावरून मागे फिरली, त्यानंतर तिथे माणसाचं पाऊल पडलं ते ऑक्टोबर १९५६ मध्ये, अमेरिकी नौदलाचं विमान उतरलं तेव्हा. मधल्या काळात तिथे यंत्रही नव्हतं. म्हणजे माझ्या आलेखातला सुरुवातीचा भाग हा दुरून मिळालेल्या तुटपुंज्या माहितीवर मॉडेलने बांधलेला अंदाज होता, आणि रेघ मात्र सगळीकडे सारखीच ठसठशीत. तो आलेख मी मागे घेतला.

आतापर्यंत हाती लागलेलं असं. दक्षिणेसाठी 'रीडर' हा संग्रह उत्तम आहे, ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या संकेतस्थळावर तो पाहता येतो. स्थानकाचा तक्ता उघडला की डावीकडे साल, पुढे बारा महिने, आणि ज्या महिन्याच्या नोंदी अपुऱ्या असतील तो आकडा लाल. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. त्यात सर्वांत लांब मालिका ऑर्काडास या स्थानकाची. १९०३ मध्ये स्कॉटिश मोहिमेने तिथे वेध घ्यायला सुरुवात केली आणि १९०४ पासून अर्जेंटिनाने ते काम अखंड चालवलं आहे. पण हे ठिकाण साउथ ऑर्कनी बेटांवर, समुद्राच्या कुशीत. त्यावरून खंडाच्या आतल्या पठाराबद्दल काय बोलणार? तिथली जुनी स्थानकं बहुतेक १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षातली, म्हणजे अनेक देशांनी मिळून पृथ्वीचे वेध घेतले त्या काळातली.

उत्तरेकडे नॉर्वेच्या हवामान संस्थेची स्वालबार्डची मालिका १८९८ पासून आहे, पण ती वेगवेगळ्या जागांच्या नोंदी जोडून केलेली. ग्रीनलंडचे आकडे डेन्मार्कच्या हवामान संस्थेकडे मिळाले.

आता विचारायचं ते हे: जुन्या मोहिमांच्या रोजच्या नोंदी कुणी संगणकावर चढवल्या आहेत का? आणि सोव्हिएत संघाच्या तरंगत्या स्थानकांचे आकडे कसे वापरायचे? स्थानकच बर्फासोबत वाहत जातं! जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद

पहिल्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षापासून, म्हणजे अनेक देशांनी मिळून ध्रुवीय वेध घेतले त्या काळापासून सुरुवात करा, १८८२-८३. तेव्हा आर्क्टिकभोवती बारा स्थानकं उभारली होती. पॉइंट बॅरो आणि एल्समियर बेटावरचं फोर्ट काँगर त्यातलीच. अमेरिकेच्या 'नोआ' या महासागर आणि वातावरण संस्थेने या नोंदी संगणकावर आणल्या आहेत. जहाजांच्या रोजनिशांसाठी 'ओल्ड वेदर' प्रकल्प पाहा. तिथे स्वयंसेवकांनी हस्ताक्षरातली पानं वाचून हवेचा दाब आणि तापमान उतरवून काढलं आहे.

तरंगत्या स्थानकांच्या नोंदी बोल्डरच्या राष्ट्रीय हिम-बर्फ विदाकेंद्राकडे आहेत, १९३७ चं पहिलं स्थानक आणि मग १९५० ते १९९१. यांची एकसलग रेघ अजिबात ओढू नका. त्या त्या दिवसाचे अक्षांश-रेखांश धरून पुनर्विश्लेषणातला त्याच जागेचा आकडा काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा. समुद्री बर्फावर हिवाळ्यात 'एरा-५' प्रत्यक्षापेक्षा उबदार आकडे देतं, कारण त्याच्या मॉडेलमध्ये त्या बर्फावर हिमाचा थर धरलेला नाही. तुमच्या तुलनेत हा फरक दिसायला हवा.

दक्षिणेच्या स्वयंचलित स्थानकांचे आकडे विस्कॉन्सिन विद्यापीठाकडे १९८० पासून आहेत. ते घेताना तापमान मोजणाऱ्या संवेदकाची उंची तपासा. हिम साचत गेलं की तो पृष्ठभागाच्या जवळ येत जातो, कधी पुरता गाडला जातो, तरी आकडे पाठवतच राहतो.

आणि तो आलेख टाकून देऊ नका. १९५७ पासूनचा भाग स्थानकाच्या नोंदींवरून पुन्हा काढा, त्याआधीची जागा कोरी ठेवा आणि ज्यांनी प्रश्न विचारला त्यांना आधी दाखवा.