मदत हवी आहे: मेट्रो डेपोच्या शेडमध्ये गाडी आत कशी नेतात?

नमस्कार मंडळी. मेट्रो डेपोचा तपशीलवार नकाशा काढतोय. गाड्या उभ्या करायच्या मार्गिका, धुलाईचं यंत्र, चाकं न काढता खालूनच तासणारं, खड्ड्यात बसवलेलं लेथ मशीन, इथवर जमलं. अडलंय ते गाडीला वीज पुरवणाऱ्या, ७५० व्होल्टच्या तिसऱ्या रुळापाशी. शेडमध्ये गाडीखालच्या तपासणीच्या खड्ड्यात उतरून माणसं ब्रेक तपासतात, म्हणून बऱ्याच शेडमध्ये तो रूळ दाराबाहेरच थांबवतात. मग गाडी आत नेतात कशी? वर टांगलेली केबल जोडून, की बॅटरीवरच्या शंटरने, म्हणजे गाड्या हलवायच्या छोट्या इंजिनाने, ढकलून? आणि केबल असेल तर ती काढली, वीज बंद झाली, याची खात्री नेमकं कोण करतं? खाली माणूस असतो हो, हा भाग मला अंदाजाने काढायचा नाही. डेपोत प्रत्यक्ष काम केलेलं कोणी असेल तर कृपया सांगा.