मदत हवी आहे: मागच्या पाट्याच्या पिनेचा लॉक बोल्ट हँगरमध्येच तुटला आहे

नमस्कार मंडळी,

माझा सहा चाकी ट्रक गेली सात वर्षे मिरकरवाडा बंदरातून मासळी भरून आंबा घाटाने कोल्हापूरला जातो. पेट्यांमधला बर्फ वितळला की खारे पाणी हौद्याच्या फटींतून थेट चेसिसवर ठिबकत राहते. ज्यांनी मासळीची गाडी एकदा तरी खालून पाहिली असेल, त्यांना तिथल्या गंजाचे वर्णन करून सांगायला नको. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे गाडीची मोठी कामे मी दरवर्षी याच दोन महिन्यांत काढतो.

यंदा मागच्या डाव्या बाजूच्या मेन पाट्याला (लीफ स्प्रिंगच्या मुख्य पट्टीला) सेंटर बोल्टजवळ बारीक तडा गेलेला दिसला, म्हणून पाट्यांचा सगळा संच खाली घ्यायचे ठरवले. त्याच बाजूने गेले काही महिने खड्ड्यातून जाताना करकर आवाज येत होता आणि पुढच्या पिनेच्या निप्पलला ग्रीस गन लावली तरी ग्रीस आत जात नव्हते, बाहेरच सांडत होते. पाटे निघतील तेव्हा पिन आणि तिच्याभोवतीची नळी, म्हणजे बुशही बदलू, असा विचार करून मी तिकडे फारसे लक्ष दिले नव्हते.

हँगरची, म्हणजे पाटे चेसिसला धरून ठेवणाऱ्या कंसाची, रचना अशी आहे. पाट्याचे पुढचे गोल टोक हँगरच्या दोन कानांमध्ये बसते आणि आडवी पिन या तिघांतून आरपार जाते. बाहेरच्या कानाला एक चीर आहे. त्या चिरेला ओलांडून खालून वर असा एक उभा बोल्ट जातो, तो पिनेवर कोरलेल्या अर्धगोल खाचेला घासून पुढे सरकतो आणि कानाच्या वरच्या ओठातील आट्यांमध्ये बसतो. म्हणजे हा एकच बोल्ट कानही आवळतो आणि पिनेलाही सरकू देत नाही. बोल्ट १२ मिमीचा, १.७५ पिचचा असून त्याच्या डोक्यावर ८.८ असा मजबुतीच्या ग्रेडचा शिक्का आहे. आट्यांचे टोक वरच्या बाजूने दोन-तीन आटे बाहेर आलेले आहे, पण ते आणि चेसिस यांच्यामध्ये जेमतेम एक इंचाची जागा आहे.

परवा मी चेसिस जॅकवर उचलून खाली घोड्या (आधाराचे स्टँड) लावल्या, चाके काढली आणि लॉक बोल्टला पाना घातला. बोल्ट हलेना, म्हणून पान्याच्या दांड्यावर तीन फुटी पाइप चढवला. बोल्ट पाव वळसा फिरल्यासारखा वाटला आणि डोके हातात आले. तुटलेला तुकडा खालच्या भोकात सुमारे ८ मिमी आत आहे. त्यानंतर रागाच्या भरात मी पिनेवर आतल्या बाजूने घणाचे दोन-तीन घाव घातले, ही माझी दुसरी चूक होय. पिन एक मिलीमीटरभर बाहेरच्या दिशेने सरकली आणि तिथेच अडकली.

आता बोल्ट निघाल्याशिवाय पिन निघणार नाही आणि पिन निघाल्याशिवाय पाटे खाली येणार नाहीत. हँगर चेसिसला रिव्हेटने जोडलेला असल्यामुळे तो काढून वर्कशॉपमध्ये नेणे हे मोठे काम होईल. हातात साधे ड्रिल मशीन, इझी आउटचा (तुटलेला बोल्ट उलटा पिळून काढण्याच्या हत्यारांचा) स्वस्तातला संच आणि शेजारच्या गॅरेजमधील वेल्डिंग मशीन एवढे साहित्य आहे. कोणत्या क्रमाने पुढे जावे, याचे मार्गदर्शन कृपया जाणकारांनी करावे.

प्रतिसाद: घाटातला चालक

दादा, एवढा विचार करू नका. तुकड्यावर नट ठेवून वेल्ड करा आणि गरम असतानाच पान्याने फिरवा. माझ्या गाडीच्या एक्झॉस्टचे तीन बोल्ट असेच निघाले आहेत. नाही निघाला तर गॅसने पिनच कापून टाका, नाहीतरी ती बदलायचीच आहे.

प्रतिसाद: लेथवाला

वेल्डिंगचा उपाय चांगला आहे, परंतु तो तुकडा पृष्ठभागाच्या बरोबरीला किंवा बाहेर असेल तेव्हाच चांगला. येथे तुकडा ८ मिमी आत आहे. एवढ्या अरुंद भोकात साध्या रॉडने वेल्ड करताना तुकड्याबरोबर भोकाची भिंतही पकडली जाण्याची शक्यता फार मोठी आहे, आणि तसे झाले तर आज सुटा असलेला बोल्ट हँगरचाच भाग होऊन बसेल. शिवाय गाडी बीएस-४ किंवा बीएस-६ असेल तर वेल्डिंगपूर्वी बॅटरीची दोन्ही टर्मिनल आणि ईसीयूचे (इंजिनाच्या संगणकाचे) कनेक्टर काढावे लागतात आणि अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ लावावा लागतो. गॅसने पिन कापण्याबद्दल तर बोलूच नये. ब्रेकचे पाइप आणि वायरिंग तिथून वीतभर अंतरावर असते, आणि ओतीव हँगरला एका जागी भसकन उष्णता दिली तर नंतर तिथेच तडा सापडतो.

इझी आउटबाबतही एक सावधगिरी बाळगावी. तो अतिशय कठीण आणि तितकाच ठिसूळ असतो. पक्का जाम झालेल्या बोल्टमध्ये त्याला पिळले तर तोच आत तुटतो आणि मग साधे ड्रिल त्यावर चालत नाही. त्यानंतर कार्बाइडचे ड्रिल किंवा स्पार्क मशीन (ठिणग्यांनी धातू झिजवणारे यंत्र) एवढेच मार्ग उरतात, आणि स्पार्क मशीनसाठी हँगर खाली उतरवावाच लागेल. बोल्ट थोडा तरी हलू लागला आहे अशी खात्री झाल्यावरच इझी आउट हातात घ्यावा.

प्रतिसाद: जुना फिटर

सर्वांनी तुकडा कसा पकडायचा याचा विचार केला आहे. मला आधी वेगळेच विचारायचे आहे. तुम्ही बोल्ट सोडवायला घेतला तेव्हा एक्सल खाली लटकत होता का? आणि पाटे एक्सलला जखडणारे यू बोल्ट अजून आवळलेलेच आहेत ना?

प्रतिसाद: धागाकर्ता

होय काका. चेसिस घोड्यांवर होती आणि एक्सल पूर्ण लटकत होता. यू बोल्टला अजून हात लावलेला नाही.

प्रतिसाद: जुना फिटर

मग तुमच्या बोल्टला केवळ गंजाने धरलेले नाही, त्याला पिनेनेही धरले आहे.

तुम्ही स्वतःच लिहिले आहे की निप्पलमधून ग्रीस आत जात नव्हते आणि करकर आवाज येत होता. याचा अर्थ पिन आणि बुश आतून एकमेकांना चिकटले आहेत. चालत्या गाडीत पाटा सतत वाकतो आणि सरळ होतो, त्याबरोबर त्याचे गोल टोक पिनेभोवती थोडे थोडे फिरत असते. बुश मोकळा असेल तर ते फिरणे बुशमध्येच जिरते. बुश जाम झाला की पाटा पिनेलाच आपल्याबरोबर फिरवू पाहतो आणि तिला रोखून धरणारा असतो तो हा १२ मिमीचा बोल्ट. तुम्ही चेसिस उचलली तेव्हा पाट्यांवरचा भार गेला, त्यांची कमान वाढली, टोकाचा कोन बदलला आणि पिन पिळली गेली. खाचेच्या दोन्ही कडा बोल्टमध्ये सुरीसारख्या रुतल्या. तशा अवस्थेत पाइप घालून पिळल्यावर बोल्टचा डोक्याकडचा भाग तुटणारच, कारण मधला भाग पिनेच्या तावडीत होता. पाव वळसा फिरल्यासारखे वाटले ते बोल्टचे फिरणे नव्हते, तो पिळवटत होता.

म्हणून ड्रिल, वेल्डिंग, गॅस हे सारे बाजूला ठेवून आधी पिनेचा पीळ काढा. घोड्या चेसिसखाली तशाच राहू द्या, त्यांच्या शेजारी लाकडी ओंडकेही रचा, आणि एक्सलखाली जॅक लावून तो सावकाश वर घ्या. गाडी चाकांवर उभी असताना एक्सल आणि चेसिस यांच्यात जेवढे अंतर असते तेवढे आले की थांबा. उजवी बाजू शाबूत आहे, तिकडे चाके जमिनीवर असतील तर माप तिथून घ्या. मेन पाट्याला तडा आहे, तेव्हा जॅक चढवताना कोणीही गाडीखाली असता कामा नये.

दुसरे म्हणजे, घणाने पिन जेवढी बाहेर सरकवली तेवढी परत आत घ्या. पिन आडवी सरकल्यामुळे खाचेची बाजू बोल्टला कातरीसारखी दाबत असणार. पितळेचा किंवा अॅल्युमिनियमचा ठोकळा मध्ये धरून बाहेरून हलके ठोके द्या. या दोन गोष्टी केल्यावर उरेल तो फक्त गंज, आणि त्याला औषध आहे.

प्रतिसाद: घाटातला चालक

काका, हे मला सुचलेच नव्हते. पण एक शंका आहे. बोल्टचे टोक वर बाहेर आले आहे, तर तो खाली ओढण्यापेक्षा वरच्या दिशेनेच पुढे फिरवत नेला तर?

प्रतिसाद: लेथवाला

पूर्ण लांबीला आटे असलेला बोल्ट असता तर ती युक्ती सर्वांत उत्तम ठरली असती. या बोल्टचा खाचेजवळचा भाग बिनआट्याचा, पूर्ण १२ मिमी जाडीचा असणार, आणि तो आट्यांच्या भोकात शिरणारच नाही. त्यामुळे तो खालीच यायला हवा. मात्र वर आलेले गंजलेले आटे खाली येताना हँगरच्या चांगल्या आट्यांमधून घासत येतील, म्हणून ते तारेच्या ब्रशने आधी लखलखीत करा आणि गंज सोडवणारे तेल वरूनच सोडा. खालून फवारलेले तेल तुमच्याच तोंडावर गळते. वरून सोडलेले तेल आपल्या वजनाने आट्यांमध्ये उतरते. सकाळ-संध्याकाळ थेंब थेंब घाला आणि दर वेळी बोल्टच्या टोकावर हलके ठोके द्या. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, म्हणून आटे असे गच्च होतात. त्यातला थोडा चुरा सुटला तरी तेलाला वाट मिळते.

आता ड्रिलबद्दल. तुकडा आत आहे ही तुम्हाला अडचण वाटते, पण मला त्यात सोय दिसते. खालचे साधे भोक १२.५ किंवा १३ मिमीचे असेल, ते मोजा आणि त्यात सैल न होता बसेल असा, मध्यभागी ६ मिमीचे भोक असलेला छोटा बुश लेथवर करून घ्या. मिरजोळे एमआयडीसीत कोणीही अर्ध्या तासात करून देईल. हा बुश भोकात बसवला की ड्रिल आपोआप बोल्टच्या मध्यावरच जाते. मध्य चुकला तर एका बाजूला आटे खराब होतील आणि दुसऱ्या बाजूला पिन लागेल, आणि पिनेचा पृष्ठभाग कडक केलेला असल्याने ड्रिल तिथे घसरून तुटेल. शक्य असल्यास डाव्या हाताचे, म्हणजे उलट फिरणारे ड्रिल मिळवा. कित्येकदा भोक पाडता पाडताच त्या ड्रिलच्या ओढीने तुकडा सुटून येतो. ड्रिल मशीनचा वेग कमी ठेवा, कटिंग ऑइल वापरा आणि खालून काम करताना डोळ्यांवर गॉगल हवाच.

एवढे करूनही तो निघाला नाही तर १०.२ मिमीपर्यंत भोक वाढवून उरलेली आट्यांची सळ टॅपने (आटे पाडण्याच्या हत्याराने) काढता येते, कारण या आट्यांचे टॅप ड्रिल तेवढेच असते. मात्र १४ मिमीचा मोठा बोल्ट बसवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. पिनेची खाच १२ मिमीच्या बोल्टसाठीच आहे. आटे गेलेच तर वरच्या ओठात हेलिकॉइल (नव्या आट्यांची तारेची गुंडाळी) बसवून पुन्हा १२ मिमीचाच बोल्ट लावावा.

प्रतिसाद: धागाकर्ता

चार दिवसांनी लिहीत आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

काकांनी सांगितल्याप्रमाणे एक्सल वर घेतला. उजव्या बाजूच्या मापाला अजून दोन बोटे बाकी असतानाच हँगरमधून 'टक्' असा आवाज आला. पिन बाहेरून तीन ठोक्यांत जागेवर गेली, ज्या पिनेने त्या दिवशी घणालाही दाद दिली नव्हती तीच. तेल दोन दिवस वरूनच घातले. उलट ड्रिल रत्नागिरीत मिळाले नाही, ते कोल्हापूरच्या उद्यमनगरातून येणाऱ्या मित्राकडून मागवले. बुशमधून सुमारे १० मिमी खोल भोक पडल्यावर ड्रिलने तुकडा पकडला, तो अर्धा वळसा फिरला आणि पुन्हा थांबला. तो हलतो आहे ही खात्री झाल्यामुळे इझी आउट टॅपच्या हँडलला लावला आणि पाव वळसा मागे, तेवढाच पुढे, मध्ये तेल, असे करत वीस मिनिटांत तुकडा खाली आला. बिनआट्याच्या भागावर दोन ठिकाणी खाचेच्या कडांनी पाडलेले व्रण स्पष्ट दिसतात. नख फिरवले तर अडकते, एवढे खोल आहेत.

हँगरचे आटे टॅप फिरवून साफ केले असून ते शाबूत आहेत. पिन मात्र बुशसकट ठोकून काढावी लागली. तिच्यातील ग्रीसची वाट सुकलेल्या ग्रीसने आणि गंजाने दगडासारखी बुजली होती. आता शेवटचे दोन प्रश्न आहेत. नवा बोल्ट ८.८ ऐवजी १०.९ ग्रेडचा घेतल्यास अधिक टिकेल का? आणि तो केव्हा आवळावा?

प्रतिसाद: जुना फिटर

बोल्ट ८.८ चाच घ्या. बोल्टची ताकद कमी पडली म्हणून तो तुटला नव्हता, आणि कंपनीने जो ग्रेड दिला आहे त्यावर हँगरच्या ओठांचा आवळही ठरलेला आहे. नव्या पिनेची खाच बोल्टच्या भोकासमोर बरोबर आली आहे हे बोटाने आणि बॅटरीच्या उजेडात पाहूनच बोल्ट घाला, तो शेवटपर्यंत हाताने फिरला पाहिजे. आट्यांना तांब्याचे ग्रीस लावा, पण मग मॅन्युअलमधील टॉर्कच्या वर मुळीच जाऊ नका, कारण वंगण लावलेला बोल्ट त्याच टॉर्कला जास्त ताणला जातो. बोल्ट आधी फक्त हाताने टेकवा, गाडी चाकांवर उतरवा, पाट्यांवर भार येऊ द्या आणि मगच शेवटचा आवळ द्या. वर आलेल्या टोकावर ग्रीसचा जाड थर किंवा रबरी टोपी बसवा, म्हणजे खारे पाणी तिथे साचणार नाही. ग्रीस गन मारताना पिनेच्या दोन्ही बाजूंनी ग्रीस बाहेर येताना दिसले पाहिजे. एकाच बाजूने आले तर पिन पुन्हा काढा, दुसरी वाट बंद आहे.

यू बोल्ट पहिल्या भरलेल्या खेपेनंतर परत तपासा. नवे पाटे बसले की हे बोल्ट हमखास थोडे सैल होतात.