दलालीचा टक्का नंतर, आधी भेटींचा हिशोब
चार महिन्यांत फ्लॅट विकला गेला नाही, मग २ टक्के दलाली कशाची, असं फ्लॅट विकायला काढलेल्या एकाने एजंटबद्दल विचारलंय. मंदीत एजंटला विक्रीवरून जोखू नका. दर पंधरवड्याला किती जण बघून गेले आणि नाही म्हणताना काय बोलले, हे लेखी मागा. लोक येतात पण बोलीच लावत नाहीत, म्हणजे भाव चढा. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर आपल्याच सोसायटीतले ताजे इंडेक्स २ (नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा, त्यात विक्रीची रक्कम असते) काढा. घरविक्रीच्या पोर्टलवरचे आकडे म्हणजे मालकांच्या नुसत्या अपेक्षा. कोणी फिरकतच नसेल तर जाहिरात तपासा: अंधारे फोटो, कार्पेट क्षेत्रफळाचा पत्ता नाही. टक्क्यावर घासाघीस करण्यापेक्षा टप्पे ठरवा: अर्धी दलाली करारनाम्याच्या नोंदणीला, उरलेली खरेदीदाराच्या बँकेचे पूर्ण पैसे तुमच्याकडे जमा झाल्यावर. आणि १८ टक्के जीएसटी त्यातच की वरून, तेही आधीच लिहून घ्या.