पीएचडी चालू आहे पण पेपर, प्रेझेंटेशन, मेल हे सगळं शिकायचं कुठं? (खानापूर-बेळगाव-निपाणी भागातल्यांनी सांगा)

खानापूरची_पोर
नमस्कार मंडळी. मी इतिहासात पीएचडी करतेय, रजिस्ट्रेशन कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात, विषय १९५६ च्या आधीचे बेळगाव जिल्ह्यातले आठवडी बाजार. कोर्सवर्क झालं, सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) मंजूर झाला, सकाळी एका डिग्री कॉलेजात गेस्ट लेक्चरर म्हणून तास पण घेते. अभ्यासाचं भ्या नाही, त्याच्या भोवतीचं जे असतंय त्याचं आहे. गाईड सर चांगले आहेत पण "लिहीत जा, पेपर वाच, लोकांना भेट" एवढंच म्हणतात, आता कसं लिहायचं नि कुणाला भेटायचं ते कोण सांगणार? माझं सगळं शिक्षण मराठी माध्यमात, प्रबंध मराठीतच होणार, पण कॉन्फरन्सचा अॅबस्ट्रॅक्ट (पेपरचा गोषवारा) इंग्रजीत मागतात, बाहेरच्या प्राध्यापकांना मेल इंग्रजीत, आणि इथल्या ऑफिसात अर्ज कन्नडमध्ये. व्हॉट्सअॅपवर रोज एक जाहिरात येते, सात दिवसांची ऑनलाइन वर्कशॉप, ई-सर्टिफिकेट मिळेल, फी भरा. त्या करू काय?

निपाणी_नाका
ताई फी भरून सर्टिफिकेटं गोळा करू नका, फाईल जाड होते बाकी काय नाही. त्या वर्कशॉपात दोनशे जण कॅमेरा बंद करून बसलेले असतात आणि शेवटी फीडबॅक फॉर्म भरला की सर्टिफिकेट. त्यापेक्षा फुकटातली जी संधी आहे ती वापरा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमाप्रमाणं दर सेमिस्टरला सल्लागार समितीपुढं जाऊन प्रगती मांडायची असते, आपल्याकडं पोरं ते सही घेण्यापुरतं उरकतात आणि चहा पिऊन परत येतात. तिथं एक प्रकरण नीट मांडा आणि मुद्दाम विचारा की मी कुठं कमी पडले. त्याच नियमात पीएचडीवाल्याला शिकवायचं आणि लेखनाचं ट्रेनिंग द्यावं असं पण आहे, आठवड्याला ४ ते ६ तास शिकवण्याचं किंवा संशोधन सहाय्याचं काम देता येतं. कागदावर आहे, मागितल्याशिवाय कोण देत नाही. तुम्ही तास घेताय म्हणजे अर्धं काम झालंय बघा, बीएच्या पोरांना कळेल असं सांगता आलं तर कॉन्फरन्सला काय अवघड नाही.

टिळकवाडी_कट्टा
प्रेझेंटेशनबद्दल माझे दोन पैसे. आपल्या सेमिनारमध्ये ठरलेलं असतं, पहिली स्लाईड प्रस्तावना, मग उद्दिष्टं, मग गृहीतकं, मग संशोधन पद्धती, मग व्याप्ती आणि मर्यादा, आणि तेवढ्यात चेअरवर बसलेले सर चिठ्ठी पाठवतात की दोन मिनिटं उरली, मग खरं काम जे केलंय ते "वेळेअभावी" राहतं. कार्यक्रमपत्रिकेत १५ मिनिटं लिहिलेली असली तरी उद्घाटन लांबलं की ती १० वर येतात हे धरूनच चला. तुमच्या जागी मी असतो तर पहिल्या स्लाईडला बाजाराच्या करवसुलीचा एखादा जुना कागद लावला असता आणि म्हटलं असतं की ह्या नोंदीत अमुक गावाचं नाव आहे आणि पुढच्या वर्षी नाही, का नाही ते सांगतो. लोक तिथंच जागे होतात. उद्दिष्टं कुणाला हवी असली तर प्रश्नोत्तरात विचारतील (कधीच विचारत नाहीत). आणि पीपीटी बघून वाचू नका हो.

वाचनालयवाला
इंग्रजीच्या मागं एवढं लागायची काय गरज आहे असं मला वाटतं. अॅबस्ट्रॅक्टपुरतं इंग्रजी मित्राकडून तपासून घेता येतं. तुमच्या विषयात खरं कौशल्य म्हणजे मोडी (मराठीची जुनी लिपी) आणि कन्नड. इथल्या जुन्या कागदात मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही येतात, पुण्या-मुंबईच्या संशोधकाला कन्नड कागद आला की अडतं आणि बंगळूरवाल्याला मोडी आला की. आपण सीमेवरची माणसं ह्याबाबतीत नशीबवान आहोत पण त्याचा फायदा कोण घेत नाही. १८८४ चा बॉम्बे गॅझेटियरचा बेळगाव खंड सगळेच उतरवून काढतात, त्याच्या पलीकडं जा. १९५६ पर्यंत जिल्हा मुंबई राज्यात होता म्हणजे बरेच कागद मुंबईच्या पुराभिलेखागारात असणार. आणि शहापूरचा बाजार धरणार असाल तर लक्षात ठेवा, शहापूर सांगली संस्थानात होतं, ती कागदपत्रं वेगळी शोधायला लागतील.

निपाणी_नाका
@वाचनालयवाला मोडीचं पटलं पण इंग्रजीचं नाही पटलं. मित्राकडून किती वेळा तपासून घेणार. २०० शब्दांचा अॅबस्ट्रॅक्ट स्वतःला लिहिता यायलाच पाहिजे, प्रबंध मराठीत असला तरी.

आरपीडी_कॉर्नर
पेपर कुठल्या जर्नलात (संशोधन नियतकालिकात) द्यायचा ते कोण बोललंच नाही. "तीन दिवसात पब्लिश" असा मेल आला की सरळ डिलीट. माझ्या ओळखीतल्या एकानं पैसे भरले, पेपर आला, आणि वर्षभरात जर्नलची वेबसाईटच गायब. पूर्वी यूजीसी केअरची (चांगल्या जर्नलांची) यादी बघायची सोय होती, ती २०२५ मध्ये बंद झाली, आता जर्नल चांगलं की वाईट हे आपणच तपासायचं. संपादक मंडळातली माणसं खरंच तिथं शिकवतात काय ते बघायचं, आणि जुने दोन-तीन अंक उघडून वाचायचे, पाच मिनिटात कळतं. पीएचडीसाठी पेपर छापलाच पाहिजे ही यूजीसीची अट २०२२ पासून नाही, पण विद्यापीठाची वेगळी अट असू शकते म्हणून पीएचडी सेक्शनला लेखी विचारा, तोंडी नको. आणि संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरोत (संदर्भ सांभाळायचं सॉफ्टवेअर) टाका, फुकट आहे. साम्य तपासणीत (प्रबंधातला मजकूर दुसऱ्यांच्या लिखाणाशी किती जुळतो ते बघतात) १० टक्क्यांपर्यंत चालतं, १० ते ४० मध्ये गेलं की सुधारून परत द्यायला लागतं, आणि बऱ्याच वेळा ते चोरी केली म्हणून नसतं, वहीत उतरवून घेतलेलं वाक्य कुणाचं आहे हेच विसरलेलं असतं म्हणून असतं.

खानापूरची_पोर
सगळ्यांना थँक्यू. मेलबद्दल पण सांगा की. एका प्राध्यापकांना असा पाठवणार होते: "रिस्पेक्टेड सर, आय अॅम डूइंग पीएचडी ऑन वीकली मार्केट्स, काइंडली सेंड मटेरियल अॅज अर्ली अॅज पॉसिबल."

टिळकवाडी_कट्टा
अय्यो नको 😄 "काइंडली सेंड मटेरियल" वाचून कोण उत्तर देणार, त्यांना पाठवायचं काय हेच कळणार नाही. पहिल्या ओळीत कोण, कुठल्या विद्यापीठातली. दुसऱ्या ओळीत त्यांचं नेमकं काय वाचलं, लेखाचं नाव आणि त्यातला कुठला तक्ता किंवा पान. मग एकच प्रश्न, ज्याचं उत्तर त्यांना बसमध्ये बसून मोबाईलवर दोन ओळीत देता येईल, उदाहरणार्थ "तुम्ही वापरलेल्या करनोंदी कुठल्या दप्तरात मिळाल्या". दहा-बारा दिवसात उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, मग सोडून द्या. आणि विषयाच्या जागी "रिस्पेक्टेड सर" लिहू नका, प्रश्न लिहा.

निपाणी_नाका
अजून एक, नोकरीचं. कोल्हापूरला शिकताय म्हणून महाराष्ट्राची सेट (प्राध्यापक व्हायची राज्याची पात्रता परीक्षा) दिली तर ती महाराष्ट्र-गोव्यात चालते, इकडं कर्नाटकात के-सेट लागते. दोन्हीकडं चालायचं असलं तर नेट, म्हणजे तीच देशपातळीवरची परीक्षा. आमच्यातली बरीच पोरं सेट पास होऊन इकडं अर्ज करतात आणि छाननीत बाद होतात.

खानापूरची_पोर
हे माहीतच नव्हतं, नेटचा फॉर्म भरते. @वाचनालयवाला मोडीचे वर्ग बेळगावात कुठं चालतात काय? रविवारी असला तर बरं, बाकीच्या दिवशी जमत नाही.

वाचनालयवाला
कोल्हापुरात, पुण्यात होतात हे माहीत आहे, इथलं चौकशी करून सांगतो. तोवर बाराखडी छापून भिंतीला लावा आणि घरातला जुना खरेदीखताचा कागद असला तर काढा, खानापूर तालुक्यात बऱ्याच घरात ट्रंकेत असतात.