सारखा दिसला कोड की टाक कॉमनमध्ये: या सवयीने कोड सुधारतो की बिघडतो?

सेमीकोलन (धागाकर्ता)

टीममध्ये यावरून रोज वाद होतोय, म्हणून इथे टाकतो. वेब ॲप बऱ्यापैकी जुनं आहे, त्यावर बरेच हात फिरलेत. रिव्ह्यूमध्ये (एकमेकांचा कोड तपासताना) सगळ्यात जास्त येणारी कमेंट एकच: "हे दुसरीकडेही आहे, कॉमनमध्ये टाक," म्हणजे सगळ्यांसाठी एकच सामायिक कोड कर. माझं मत असं की मेंटेनन्सचं जेवढं वाटोळं या कमेंटने केलंय तेवढं कॉपी-पेस्टनेही केलेलं नाही.

उदाहरण देतो. ग्राहक-नोंदणीचा फॉर्म आणि ॲडमिनचा ग्राहक-दुरुस्तीचा फॉर्म. सुरुवातीला दोन्हींत नाव, ईमेल, फोन. दिसायला एकच, म्हणून एकच कंपोनेंट (पुन्हा पुन्हा वापरता येणारा स्क्रीनचा तुकडा) केला. मग ॲडमिनला ईमेल बदलता येऊ नये असं ठरलं. नोंदणीला ओटीपी आला. नंतर विक्रेत्यांची तिसरी स्क्रीन आली. आज त्या कंपोनेंटला चार बूलियन प्रॉप, म्हणजे हो-नाही ठरवणारे फ्लॅग, आहेत: इझ-ॲडमिन, इझ-एडिट, हाइड-ओटीपी आणि (हात जोडतो) स्किप-व्हॅलिडेशन. चार बूलियन म्हणजे सोळा शक्यता. वापरात तीनच, कारण स्क्रीन तीनच. उरलेल्या तेरा कुणी तपासलेल्या नाहीत, पण फाइल उघडणाऱ्याला त्या डोक्यात धराव्याच लागतात.

नोंदणीत काही बदलायचं म्हटलं की ॲडमिनचं मोडेल ही भीती. मग नवा माणूस काय करतो? पाचवा फ्लॅग टाकतो. त्याच्या जागी मीही तेच करेन.

म्हणून माझं म्हणणं: दोनदा कॉपी झाली तर होऊ द्या. तिसऱ्यांदा तेच लिहायची वेळ आली की थांबा आणि विचारा, हे तिन्ही एकाच कारणाने बदलणार आहेत का? नसतील तर तिसरी कॉपीही चालेल.

जुना_बॅकेंडवाला

असहमत. तुम्ही फक्त फ्रंटएंड बघताय.

फाइल अपलोडचं बघा. परवानगी असलेल्या एक्स्टेन्शनची तपासणी तीन कंट्रोलरमध्ये (सर्व्हरवर येणाऱ्या विनंत्या हाताळणाऱ्या कोडमध्ये) कॉपी केलेली. सुरक्षा तपासणीत पळवाट सापडली: नाव कॅपिटल अक्षरांत लिहिलं की फाइल आत. दोन ठिकाणी दुरुस्ती झाली, टिकीट बंद. तिसरी कॉपी मोबाइल ॲपच्या एपीआयमध्ये (ॲप सर्व्हरशी ज्यातून बोलतं त्या भागात) होती आणि तिथे व्हेरिएबलची नावं वेगळी, त्यामुळे सर्चमध्ये आलीच नाही. हे मी स्वतः पाहिलंय.

त्याहून वाईट म्हणजे कॉपी तशाच राहत नाहीत. एकीत कुणीतरी एक 'इफ' घालतो, दुसरीत नाही. वर्षभराने तो फरक मुद्दाम ठेवलाय की राहून गेलाय, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. तुमचा फ्लॅगवाला कंपोनेंट कुरूप असेल, पण फरक निदान समोर लिहिलेला तरी आहे.

आणि फ्लॅगचं खापर एकत्रीकरणावर का फोडता? अख्खा फॉर्म कॉमन करायचाच नव्हता. ईमेलची पेटी, फोनची पेटी, चूक दाखवणारी ओळ एवढे छोटे तुकडे कॉमन करायचे आणि प्रत्येक स्क्रीनने ते आपापले जोडायचे. एकही फ्लॅग लागला नसता.

सेमीकोलन

छोट्या तुकड्यांचा मुद्दा पटला. अपलोडची तपासणी मी कॉपी करा म्हणत नाहीये. तो नियम आहे. नियम एकाच जागी हवा, त्यात तडजोड नाही. माझं भांडण दोन स्क्रीन आज योगायोगाने सारख्या दिसतात म्हणून त्यांना बांधून टाकण्याशी आहे.

तिरकी_रेघ

धागाकर्त्याला +१. मार्च 2016 मधलं लेफ्ट-पॅड आठवा. अक्षरांच्या डावीकडे जागा भरणारं अकरा ओळींचं पॅकेज. लेखकाने ते एनपीएमवरून (जावास्क्रिप्ट पॅकेजचं सार्वजनिक भांडार) काढून घेतलं आणि त्यावर अवलंबून असलेले बिल्ड (कोडपासून ॲप तयार करण्याची पायरी) धडाधड पडायला लागले, बेबल या गाजलेल्या टूलसकट. अकरा ओळी स्वतःकडे कॉपी केल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

जुना_बॅकेंडवाला

@तिरकी_रेघ, त्यात कॉमन कोडचा काय दोष? प्रकाशित पॅकेज कुणालाही कधीही मागे घेता येत होतं, हा दोष. एनपीएमने त्यानंतर नियम कडक केले. स्वतःच्या रेपॉझिटरीतलं (आपल्या कोडच्या साठ्यातलं) फंक्शन असं रातोरात गायब होत नाही. उदाहरण गाजलेलं आहे, इथे लागू नाही.

मर्ज_कॉन्फ्लिक्ट

दोघंही फंक्शनवर भांडताय, फोल्डरकडे कुणी बघत नाहीये.

बहुतेक जुन्या ॲपमध्ये रचना प्रकारानुसार असते: सगळे कंट्रोलर एकीकडे, सर्व्हिस एकीकडे, आणि कुठेच न बसणारं सगळं 'यूटिल्स'मध्ये. ती यूटिल्सची फाइल म्हणजे घरातला माळा. टाकायला सगळे, आवरायला कुणी नाही. आमच्याकडे त्यात तारीख फॉरमॅट करणारी तीन फंक्शन सापडली. तिसरं लिहिणाऱ्याला पहिली दोन दिसलीच नव्हती. म्हणजे कॉमनमध्ये टाकूनही कॉपी झालीच!

रचना कामानुसार करा: नोंदणी, बिल, रिपोर्ट. प्रत्येकाचं आपलं फोल्डर, बाहेरच्यांसाठी एकच इंडेक्स फाइल, आतल्या फाइली दुसऱ्याने थेट इंपोर्ट करायच्या नाहीत. हे तोंडी सांगून टिकत नाही. ईएसलिंट या कोड तपासणाऱ्या टूलमध्ये नो-रिस्ट्रिक्टेड-इंपोर्ट्स हा नियम आहे, तो लावा आणि सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासणीत) चूक म्हणूनच धरा. बिलच्या फोल्डरमध्ये दोन ओळी कॉपी झाल्या तरी मग मला झोप लागते, कारण नुकसान त्या फोल्डरपुरतंच राहतं.

रात्रपाळी

वाद वाचतोय. फ्लॅगचा विषय निघालाय म्हणून नाइट कॅपिटल. वेब ॲप नव्हे, अमेरिकेतल्या शेअर दलालीची प्रणाली, पण दुखणं तेच. पॉवर पेग नावाचा कोड 2003 पासून बंद, तरी सर्व्हरवर तसाच. 2005 मध्ये 'ऑर्डर पुरी झाली, आता थांब' हे ठरवणारी मोजणी कोडमध्ये दुसरीकडे हलवली आणि त्यानंतर हा जुना भाग पुन्हा तपासला नाही. 2012 मध्ये नव्या फीचरला जुनाच फ्लॅग दिला. आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड पोचलाच नाही. 1 ऑगस्टला बाजार उघडला, फ्लॅग चालू, आणि त्या एका सर्व्हरवर मेलेला कोड उठून ऑर्डर सोडत सुटला, थांबण्याची खूण नसलेला. 45 मिनिटांत 46 कोटी डॉलरच्या वर नुकसान.

तेव्हा कॉमन करायचं की नाही ते नंतर बघा. आधी नको ते डिलीट करा. गिटमध्ये (कोडचा इतिहास ठेवणारं टूल) राहतंच ना.

तिरकी_रेघ

डिलीट करा म्हणणं सोपं आहे हो. वेब ॲपमध्ये काय मेलंय ते कळतं कसं? राउट (ॲपमधला एखादा पत्ता) कोडमध्ये कुठूनच बोलावलेला दिसत नाही, पण एखाद्या क्लायंटची स्क्रिप्ट रोज पहाटे तोच मारत असते.

रात्रपाळी

त्या राउटवर लॉग टाका आणि थांबा. आठवडाभर नाही, निदान एक महिनाअखेर जाऊ द्या. रिपोर्ट वर्षातून एकदा चालणारा असेल तर वर्षअखेरही. तोवर काढायची तारीख टिकिटात लिहून ठेवा, नाहीतर तो लॉगही तिथेच म्हातारा होतो.

जुना_बॅकेंडवाला

@सेमीकोलन, फॉर्म फोडायचाच असेल तर फोडा, पण क्रम सांभाळा. आधी ईमेल-फोनचे नियम फॉर्मच्या बाहेर एका जागी काढा, त्यांना टेस्ट लावा, आणि सर्व्हरही तेच तपासतोय याची खात्री करा. मग तीन स्क्रीन वेगळ्या करा. उलट केलंत तर स्किप-व्हॅलिडेशन तीन फाइलींत कॉपी होईल, आणि मी म्हणालो होतो तिथेच येऊन पोचाल.

सेमीकोलन

क्रम मान्य. सर्व्हरवर आत्ता पाहिलं: ईमेल तपासतो, फोन नाही. म्हणजे तो फ्लॅग लागला की फोनच्या पेटीत काहीही चालतं. फ्लॅग का आला म्हणून गिटचा ब्लेम (कुठली ओळ कुणी बदलली ते दाखवणारा) उघडला, तर कमिट मेसेज (बदलासोबत लिहिलेली नोंद) "फिक्स". बस्स, एवढंच.

मर्ज_कॉन्फ्लिक्ट

कमिट मेसेजवर वेगळा धागा काढा बुवा. तिथे मला खूप बोलायचंय.