साइटवरचं वेल्डिंग बंदच करावं का?

चाकणचा फॅब्रिकेटर: माझं मत रोखठोक आहे. मोठ्या स्ट्रक्चरचे जोड साइटवर वेल्ड करूच नयेत. काय जाळायचं ते शेडमध्ये जाळा, साइटवर फक्त एचएसएफजी बोल्ट, म्हणजे पत्रे घट्ट आवळून घर्षणावर धरणारे जास्त ताकदीचे बोल्ट. कोस्टल रोड आणि वरळी सी लिंक जोडणारा पहिला गर्डर बघा. 136 मीटर लांब, 2000 टनांच्या घरात. तुकडे अंबाल्याहून आले, पण जुळणी झाली न्हाव्याच्या धक्क्यावर. एप्रिल 2024 मध्ये अख्खा गर्डर बार्जवरून नेऊन बसवला.

शिरोळचा रॉडवाला: दादा, तुम्हाला समुद्र आहे. आमच्या कारखान्याच्या मळीच्या टाकीसाठी बार्ज कुठून आणू, पंचगंगेतून? टाकीचा तळ म्हणजे अख्खं खळं, ट्रेलरवर मावतच नाही. तळाच्या पत्र्यांना आधी आखूड जोड, मग लांब, असा क्रम धरला तर काम चोख होतं. क्रम चुकला की पत्रा फुगतो, वर पाय दिला की थाळीसारखा वाजतो. आणि बोल्टचं कौतुक नको. भोकं जुळली नाहीत की गॅस कटरनं मोठी करणारे याच डोळ्यांनी पाहिलेत.

क्यूसीवाली (कामाची गुणवत्ता तपासणारी): जागेवरून काय भांडताय? मुद्दा रॉडचा आहे. 7018 नंबरचा वेल्डिंग रॉड ओलावा जाईपर्यंत 300-350 अंशांवर तास-दोन तास भाजायचा, मग वेल्डरपाशी छोट्या गरम ओव्हनमध्ये ठेवायचा. एका साइटवर (नाव नको) तो ओव्हन उघडला तर आत पोरांचे जेवणाचे डबे! रॉड बाहेर, दवात भिजलेले. अशा रॉडमधला हायड्रोजन जोडात शिरतो आणि तडा एक-दोन दिवसांनी जातो. म्हणून जाड पत्र्याची यूटी, म्हणजे अल्ट्रासोनिक तपासणी, मी 48 तासांआधी करत नाही. ठेकेदार रोज शिव्या घालतो.

चाकणचा फॅब्रिकेटर: ताई, हे तर माझ्याच बाजूचं झालं! शेडमध्ये ओव्हनची वीज जात नाही. साइटवर वारं सुटलं की मिगचा, म्हणजे तारेच्या वेल्डिंगचा, जोड झाकणारा गॅसही उडून जातो, जोडाला नुसती भोकांची जाळी पडते.

शिरोळचा रॉडवाला: म्हणून तर आम्ही मिग नेत नाही, रॉड नेतो आणि ताडपत्री बांधतो. तुमच्या शेडच्या दारातून 20 मीटर व्यासाची टाकी बाहेर काढून दाखवा.

चाकणचा फॅब्रिकेटर: बरं, टाकी तुमची. कॉलमच्या जोडाला मात्र मी बोल्टच लावणार.

क्यूसीवाली: लावा. टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना, कॅलिब्रेट कधी केलाय, तेवढं सांगा.