अहिल्याबाईंवरील विशेषांकासाठी कविता आणि चित्रे निवडताना कोणता निकष लावावा?

प्रश्न – सीनाकाठ

सप्रेम नमस्कार. आमच्या गावातील सार्वजनिक वाचनालय दरवर्षी 31 मे रोजी, अहिल्याबाई होळकरांच्या जयंतीनिमित्त, एक हस्तलिखित अंक काढते. त्यांचे जन्मगाव चौंडी आमच्याच जिल्ह्यातले असल्यामुळे या कामात गावातल्या लहानथोरांचा जीव गुंतलेला असतो. यंदा अंकाचा विषय थोडा विस्तारून, महाराष्ट्रातील कवी आणि चित्रकारांनी आपल्या मातीतील कर्तृत्ववान स्त्रियांचा केलेला गौरव असा ठेवला आहे.

आलेले साहित्य वाचताना मात्र मन खिन्न होते. रणरागिणी, त्यागमूर्ती, माउली, तेजस्विनी हीच विशेषणे प्रत्येक कवितेत असून नाव बदलले तर अहिल्याबाईंवरची कविता जिजाबाईंवर किंवा सावित्रीबाईंवर जशीच्या तशी बसते. लिहिणाऱ्यांची श्रद्धा खरी आहे, म्हणून कुणालाही नाउमेद करायचे नाही. जुन्या कवींनी हा गौरव कसा केला आणि आमच्या लेखकांना कोणती दिशा दाखवावी, यावर जाणकारांनी लिहावे, अशी विनंती आहे.

उत्तर 1 – पोथीवाचक

आपल्या प्रश्नाला अहिल्याबाईंच्याच काळात उत्तर सापडते. बारामतीच्या मोरोपंतांनी त्यांच्यावर आर्या रचली. पंत 1794 मध्ये निवर्तले आणि बाई 1795 मध्ये, म्हणजे ही स्तुती एका समकालीनाने त्यांच्या हयातीत केलेली आहे. त्या आर्येत पंतांनी त्यांच्या रूपाचा किंवा वैभवाचा उल्लेख केलेला नाही. न्याय आणि धर्म यांत रमलेली अशी दुसरी कन्या कलियुगात ऐकिवात नाही, एवढेच ते म्हणतात. राज्यकर्त्या स्त्रीची स्तुती न्यायावरून करावी, हे त्या काळच्या पंडित कवीला सुचले, याचे मला फार मोल वाटते.

संगमनेरच्या अनंत फंदींची आख्यायिकाही अंकात अवश्य घ्यावी, कारण शाहीर आणि राणी दोघेही आपल्या जिल्ह्याचे. अहिल्याबाईंच्या सांगण्यावरून फंदींनी तमाशाचा फड सोडला आणि ते कीर्तनाकडे वळले, असे सांगतात.

तिसरी गोष्ट संपादकांनी विशेष लक्षात घ्यावी. ब्रिटिश अधिकारी जॉन माल्कम यांनी 1823 मध्ये प्रसिद्ध केलेल्या माळव्याच्या वृत्तान्तात असे नोंदले आहे की, एका ब्राह्मणाने अहिल्याबाईंच्या स्तुतिपर लिहिलेला ग्रंथ त्यांनी शांतपणे ऐकून घेतला, आपण एवढ्या प्रशंसेस पात्र नाही असे सांगितले आणि तो नर्मदेत टाकायला लावला. ग्रंथकर्त्याची त्यांनी पुढे दखलही घेतली नाही. माल्कम यांच्याच वृत्तान्तावरून भारत कधीही न पाहिलेल्या जोआना बेली या स्कॉटिश कवयित्रीने 1849 मध्ये अहिल्याबाईंवर दीर्घ कविता प्रसिद्ध केली. महेश्वरचा कारभार, काशी विश्वनाथाचे 1780 मधील मंदिर, घाट, विहिरी, धर्मशाळा असे कितीतरी ठोस विषय समोर असताना आपल्या कवींनी केवळ विशेषणांवर का थांबावे?

उत्तर 2 – करवीरवासी

पोथीवाचक यांच्याशी मी सहमत आहे, परंतु कामांची यादी म्हणजेही कविता नव्हे. ताराबाईंचे उदाहरण पाहावे. 1700 मध्ये राजाराम महाराज गेल्यानंतर अवघ्या पंचविशीतल्या या राणीने औरंगजेबाविरुद्धची लढाई पुढे चालवली. एका जुन्या कवीने तिला कोपलेल्या भद्रकालीचे रूप दिले. पुढे 1854 च्या ‘काव्यफुले’ या कवितासंग्रहात सावित्रीबाई फुले यांनीही ताराबाईंवर कविता लिहिली. ज्यांच्यावर आज आपण कविता लिहितो, त्या स्वतःच आपल्या आधीच्या एका स्त्रीचे गुणगान करत होत्या, ही बाब आपल्या अंकात ठळकपणे यावी.

कोल्हापुरात कावळा नाक्यावर शिल्पकार रवींद्र मेस्त्री यांनी घडवलेला ताराराणींचा अश्वारूढ पुतळा आहे. त्याच्यासमोर मी आजही थांबतो. तरीही एक खंत वाटते. ताराबाई 1761 पर्यंत जगल्या. 1714 नंतर पन्हाळ्यावरची कैद, नंतर साताऱ्यातले राजकारण, आपला नातू म्हणून स्वतःच पुढे आणलेल्या रामराजांशी झालेला उघड संघर्ष हे सारे त्यांच्याच आयुष्यात घडले. कवी आणि चित्रकार मात्र त्या पहिल्या सात वर्षांपाशीच थांबतात. वृद्ध, हट्टी, हरलेली आणि तरीही न नमणारी ताराबाई कुणी रंगवली, तर तो गौरव मला अधिक मोठा वाटेल.

उत्तर 3 – जात्यावरची

नामवंत कवींची चर्चा झाली, पण मराठीत स्त्रीचा गौरव सर्वांत अधिक कुणी केला असेल, तर तो ओवी रचणाऱ्या बायकांनी. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून 1 लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आणि त्यांतील कितीतरी आज ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संकेतस्थळावर मूळ आवाजात ऐकता येतात. माजलगावच्या भीमनगरातील ओव्यांमध्ये बाबासाहेबांबरोबर रमाबाई येतात, त्या घरातल्या माणसासारख्या.

रमाईंवरची गाणी आमच्या वस्तीत 7 फेब्रुवारीला आणि भीमजयंतीला आवर्जून म्हटली जातात. त्यांत गोवऱ्या थापणे आहे, साहेब परदेशी असताना काढलेले दिवस आहेत, चार लेकरांचे मृत्यू आहेत. ‘त्याग’ हा शब्द उच्चारण्याची गरजच पडत नाही, कारण गाणाऱ्या बाईच्या हातांना ती कामे माहीत असतात. माझी सूचना अशी की, लेखकांकडून नवी कविता मागण्याआधी गावातल्या म्हाताऱ्या बायकांकडे बसून ओव्या उतरवून घ्याव्यात आणि गाणारीचे नाव, तिची परवानगी असल्यास, कवयित्री म्हणूनच छापावे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर – सीनाकाठ

तिघांचेही मनापासून आभार. आलेल्या कविता परत न करता, प्रत्येक कवीला ज्या स्त्रीवर लिहिले तिचे एक काम, एक जागा किंवा एक प्रसंग निवडून कविता पुन्हा लिहायला सांगायचे, असे संपादक मंडळाने ठरवले आहे. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना उतारवयातील ताराबाई हा विषय देत आहोत. ओव्यांसाठी वाचनालयातील दोन मुली पुढील आठवड्यापासून वस्तीवर जातील. जात्यावरची यांनी ओवी उतरवताना बोलीतले उच्चार जसेच्या तसे ठेवावेत की प्रमाण लेखन वापरावे, हेही सवडीने कळवावे.

उत्तर 4 – जात्यावरची

उच्चार जसेच्या तसे ठेवावेत. ‘हाये’ म्हटले असेल तर ‘हाये’च लिहावे आणि एखादा शब्द कळला नाही तर त्याच बाईला पुन्हा विचारावा. शक्य असल्यास आवाजही ध्वनिमुद्रित करून ठेवावा.